तिन्हीसांजेचा लाल

दहिवली, कर्जत
२० जुलै २०२५

मकसूद,

वर 'प्रिय' लिहायला गेलो आणि हात अडला. 'सप्रेम नमस्कार' लिहावं तर ते आणखीच खोटं. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. पत्ता बरोबर आहे की नाही तेही माहीत नाही. स्टेशनबाहेर फुलं विकणारी वनिता म्हणाली, तू खोपोलीला शिळफाट्याजवळ स्पेअर पार्टच्या दुकानात बसतोस. कर्जतहून खोपोलीला गाडीने पंचवीस मिनिटं लागतात. सहा वर्षांत मला तेवढी सवड झाली नाही, एवढंच त्याबद्दल लिहितो.

बारा सप्टेंबरची तारीख तुलाही कळली असेल. मला साक्षीचं समन्स आलंय. साक्षीदाराने आरोपीला पत्र लिहायचं नसतं, असं माझी समीक्षा म्हणते. तू तिला पाहिलंस तेव्हा ती आठवीत होती, आता कॉलेजात मानसशास्त्र शिकते. नसेल लिहायचं. हे पत्र तुझ्या वकिलाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखव.

लिहायचं कारण सांगतो. गेल्या मंगळवारी कारखान्यात संध्याकाळी लाईट गेली. बत्तीस गणपती रंगवायचे बाकी होते. इन्व्हर्टर बिघडलेला. मी एका मूर्तीचा पीतांबर लाल करत होतो, म्हटलं उजेड आहे तोवर दोन हात मारून घेऊ. दाराशी मूर्ती ओढून बसलो. साडेसात वाजून गेले असतील. बघता बघता पीतांबर काळा पडला. मला वाटलं ब्रश चुकीच्या डब्यात बुडवला. बोट लावून उजेडाकडे धरलं, तेही काळं. आणि शेजारच्या मूर्तीचा निळा शेला मात्र दिव्यासारखा उजळ दिसत होता. मग लाईट आली आणि पीतांबर पुन्हा लालभडक.

मकसूद, तुला बाबांचा नियम आठवतो? तिन्हीसांजेला लाल डबा उघडायचा नाही. तू गणपती न्यायला यायचास तेव्हा बाबा ओरडायचे, "डबा झाक रं गजा, लक्ष्मीची वेळ हाय." आपण दोघं हसायचो. मला जन्मभर वाटत राहिलं की ते देवाधर्माचं आहे. कारखान्यात ट्यूबलाइट आल्या आणि नियम गेला, पण का होता ते कोणी विचारलं नाही.

समीक्षाला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "बाबा, डोळ्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. उजेडातल्या रंग ओळखतात. उजेड उतरला की दुसऱ्या कामाला लागतात, त्यांना लाल दिसतच नाही. लाल काळा होतो आणि निळा उजळतो. सगळ्यांनाच होतं." मी विचारलं, पेंटरलाही? ती म्हणाली, पेंटरलाही.

पुढचं तुला सांगायला नको, पण माझ्या हाताने एकदा लिहायला हवं. २२ ऑगस्ट २०१९. मी आणि कारखान्यातला हिरू कळंबला एका रिसॉर्टवर गणपतीच्या मखराचं माप घ्यायला गेलो होतो. परतताना मी वळणावरच्या टपरीशी थांबलो, हिरू पुढे चालत राहिला. सात वाजून पंचवीस मिनिटं. मागून गाडी आली, हिरूला उडवून गेली. साठ पावलांवरून मी तिची पाठ पाहिली आणि ती काळी होती.

आपल्या तालुक्यात मालाचा टेंपो काळा कोण करतं? तूच. आणि तो मीच रंगवला होता, याच अंगणात, तीन दिवस खपून. जबाब घेताना पोलिसांनी विचारलं, "नंबर?" मी म्हणालो, "नंबर कशाला बघायचा? तो काळा माझ्या हातचा हाय."

ती गाडी लाल असणार, मकसूद. कुणाची तरी लाल पिकअप. मी खोटं बोललो नाही. माझ्या डोळ्यांनी मला फसवलं.

सोबत एक पुठ्ठा पाठवतोय. अर्धा लाल, अर्धा निळा. एखाद्या संध्याकाळी दिवा न लावता दारात बसून बघ. पावणेआठच्या सुमारास लाल काळा होईल. मी तीनदा करून पाहिलंय.

गजा


दहिवली
३ ऑगस्ट २०२५

मकसूद,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला पत्र पोचलं असणार, परत आलेलं नाही.

कोर्टात काय सांगायचं ते मी ठरवलंय. सांगेन की उजेड कमी होता, मी साठ पावलांवर होतो, रंगाबद्दल आज खात्री देता येत नाही. समीक्षाकडून त्या पेशींची नावं लिहून घेतली आहेत. एका ओळखीच्या वकिलाला विचारलं, तो म्हणाला एवढं पुरे आहे, संशयाचा फायदा मिळून मकसूद सुटेल. म्हणजे तू सुटशील आणि माझंही फार बिघडणार नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. खोडलं असतं, पण कागदावर खाडाखोड बरी दिसत नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. जबाबात मला विचारलं होतं, मागच्या फाळक्यावरची पिवळी वेल दिसली का? मी हो म्हणालो. वेल मी काढली होती, पंधरा पानं आणि मध्ये तुझ्या लेकीच्या, नाझियाच्या हट्टाखातर एक पोपट. मला ती वेल माहीत होती. दिसली नव्हती. समीक्षा म्हणते, डोळ्यांना जे दिसत नाही ते मेंदू आपल्या जवळच्या सामानाने भरून काढतो. तो ज्याच्या त्याच्या सवयीचं सामान वापरतो.

त्या आठवड्यात माझ्याजवळ तुझ्याविषयी कसलं सामान होतं, ते तुलाही माहीत आहे. त्या वर्षी तू आधी नेरळच्या कारखान्याचे गणपती भरलेस. मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो होतो, "माझ्या हातची गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहते, लाज नाय वाटत?" तू म्हणालास, "गाडी माझी हाय गजा, रंग तुझा." त्यावर मी चार दिवस धुसफुसत होतो. बावीस तारखेलाही तू त्याच कारखान्याचे गणपती कळंबला सोडायला आला होतास. तू ते स्वतः कबूल केलंस, लपवलं नाहीस. लोक म्हणाले, बघा, होताच तो त्या रस्त्याला.

तेव्हा माझ्या डोळ्यावर राग बसला होता असं म्हण हवं तर. पण जाणूनबुजून केलं नाही. एवढं तरी मान.

उत्तर दे. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

गजा


दहिवली
१५ ऑगस्ट २०२५

मकसूद,

तुझं पाकीट काल मिळालं. आत पत्र असेल म्हणून कात्रीने जपून फाडलं. माझाच पुठ्ठा परत आला होता. मागच्या बाजूला तुझं अक्षर. अजून तसंच आहे, पावतीवर सही करायचास तसं डावीकडे कललेलं.

"हिरूमामाला दवाखान्यात काय बोललास ते लिही. डोळ्यांचं राहू दे."

काल दिवसभर कामाला हात लागला नाही. आखणीचे, म्हणजे डोळे काढायचे गणपती रांगेत उभे होते आणि माझ्याकडून एका मूर्तीचे डोळे निघाले नाहीत. तुला हे कळलं कसं, हा पहिला विचार मनात आला. आपण काय केलं, हा दुसरा. क्रम असा होता, तोही सांगून टाकतो.

लिहितो.

अपघातानंतर तिसरा दिवस. हिरूचा खुबा मोडलेला, पाय वजनाला टांगलेला. त्याची बायको धोंडूबाई चहा आणायला खाली गेली होती. मी त्याला म्हणालो, "मकसूदला धरलाय, काळजी करू नको." त्याने मान हलवली. म्हणाला, "भाऊ, ती मकसूदची गाडी नाय."

मी विचारलं, तू पाहिलीस का?

"पायली नाय. मागनं आली ना. पण मकसूदच्या गाडीची साखळी वाजते. फाळक्याची. ही मुकी आली."

तुला आठवत असेल, त्या साखळीचा आवाज आमराईपासून ऐकू यायचा आणि हिरू हातातलं शाडूचं काम टाकून अंगणात जायचा, म्हणायचा, आला मकसूद. बारा वर्षं त्याने तुझी गाडी भरली. तिचा आवाज त्याच्याइतका तुलाही ठाऊक नसेल. आणि मी त्याला काय म्हणालो?

मी म्हणालो, "तू धक्क्यात होतास. तुला काय ऐकू येणार? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कोणी विचारलं तर सांग, काय कळलं नाय. उगाच घोळ घालू नको."

पोलिसांनी त्याचा जबाब घेतला तेव्हा मी खाटेशी उभा होतो. त्याने तेच सांगितलं, काय कळलं नाय. तू त्याला मामा म्हणायचास. मी माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाला नुसतं हिरू म्हणत आलो. वाडीवरचा माणूस, रोजावर येतो, त्याच्या कानाला पेंटरच्या डोळ्यासमोर काय किंमत, असं मला वाटलं. नीट विचार करून वाटलं असंही नाही. ते माझ्यात आधीपासूनच होतं.

हे झालं तू विचारलेलं. आता जे तुला माहीत नसेल ते सांगतो, कारण ते हिरूलाही माहीत नाही.

अपघाताच्या जागेवर हिरूचा जेवणाचा डबा मला सापडला होता. तीन पुडांचा अॅल्युमिनियमचा. चेपलेला. मी तो घरी आणला, हिरूला नंतर नवा घेऊन दिला. दवाखान्यातून आलो त्याच दिवशी दुपारी डबा धुवायला घेतला. वरच्या पुडावर बोटभर लांबीचा लाल ओरखडा होता. मी स्वतःला सांगितलं, कारखान्यातला रंग लागला असेल, इथे काय, सगळ्यालाच लाल लागलेला असतो. मग नखाने खरवडून पाहिलं. मूर्तीचा रंग नखाला भुकटी होऊन येतो. हा निघेना. टिकलीएवढा कपचा उडाला, खाली प्रायमरचा राखाडी. गाडीचा रंग, भट्टीतला. तीस वर्षं रंगात हात घातलेल्या माणसाला ते कळायला पाच सेकंद लागतात. मलाही तेवढीच लागली.

म्हणजे मकसूद, मला हे गेल्या महिन्यात लाईट गेल्यावर कळलेलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं होतं. तू तेव्हा कोठडीत होतास आणि तुझा टेंपो पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात उभा होता. मी रस्ता ओलांडून गेलो असतो तर काम झालं असतं.

गेल्या महिन्यात मला फक्त एवढं कळलं की मी चुकलो ते कसं. त्याचा मला किती आनंद झाला ते सांगायची लाज वाटते. सहा वर्षांनी कोणीतरी माझ्या हातात सबब दिली आणि ती शास्त्रातली होती.

का गेलो नाही, ते मी स्वतःला पुष्कळ तऱ्हेने सांगितलंय. दोन दिवसांत सगळ्या बाजारात झालं होतं, गजा पेंटरने अंधारात गाडी ओळखली, काय नजर आहे. चहावाला पैसे घेईना. पेणचे लोक येऊन म्हणाले, आखणी करणाऱ्याची नजर अशीच हवी. मला ते गोड लागलं. तिसऱ्या दिवशी जाऊन 'चुकलो' म्हणायचं म्हणजे ते सगळं ओकून टाकायचं. मी म्हटलं, चार दिवस जाऊ देत. मग कळंबच्या पोरांनी तुझ्या घराच्या काचा फोडल्या. मग तर म्हणवेच ना. मग तू घर सोडलंस.

डबा टाकवला नाही. दाखवलाही नाही. माळ्यावर जुन्या ब्रशांच्या खोक्यामागे आहे. दर वर्षी सफाईला दुसऱ्या कोणाला मी माळ्यावर चढू देत नाही.

तो पुठ्ठा मी चुलीत घातला. तू परत पाठवलास ते बरं केलंस.

गजा


दहिवली
३० ऑगस्ट २०२५

मकसूद,

चतुर्थी झाली, कारखाना रिकामा आहे. आज हिरूकडे गेलो होतो. त्याआधी समीक्षाला सांगितलं, कारण तिला सांगणं जास्त अवघड वाटत होतं आणि अवघड आधी करावं असं मनाने घेतलं. तिने सगळं ऐकलं. डबा हातात घेऊन ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे मी तुम्हाला सबब शिकवली." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते आणि उठून जाते.

हिरू पडवीत बसला होता. खुबा मोडल्यापासून त्याला शाडू तुडवता येत नाही, बसून चाळायचं काम करतो, ते तुला माहीत असेल. आता वाटतं तुला सगळंच माहीत होतं. मी त्याच्यासमोर डबा ठेवला. त्याने लगेच ओळखला. म्हणाला, "माजा हाय. कडी मी तारेनं बांधलीती." मग मी बोललो, तुला लिहिलं तेवढं सगळं. धोंडूबाई दारात उभी राहून ऐकत होती.

हिरूला डब्याचं नवल वाटलं, बाकी कशाचं नाही. म्हणाला, "साखळीचं मी तवाच मकसूदला सांगून आलोतो."

मी विचारलं, कधी?

"काठी हातात आली त्या म्हयन्यात. हिला घेऊन खोपोलीला गेलो. दाराशी त्याच्या बायकोनं, कमरजहाँनं पाणी दिलं. मी म्हटलं, मी कोडतात येतो, साखळीचं सांगतो."

मग?

हिरूने धोंडूबाईकडे बोट केलं. ती म्हणाली, "मकसूद म्हनला, मामा, तुमी गजाकडं कामाला. तुमी साक्ष दिलीत तर तो तुमाला दारात उबा करनार नाय. अशी कंबर घेऊन दुसरीकडं कोन ठेवील तुमाला? राहू द्या. गजाला सांगायचं आसंल तर तो सांगंल."

मी तिथे पडवीच्या कडेला बसलो होतो. डबा उचलून मांडीवर घेतला.

तू सहा वर्षं थांबलास, मकसूद. हिरूचा रोजगार जाऊ नये म्हणून तू कोर्टाच्या तारखा भोगल्यास. आणि मी तेवढी वर्षं कारखान्यात हिरूशेजारी बसून त्याला अधूनमधून सांगत होतो, मी तुला अपघातानंतरही कामावर ठेवलं, दुसऱ्या कोणी ठेवलं नसतं. तो हो म्हणायचा.

मी त्याला विचारलं, हे सगळं माहीत असून तू माझ्याशी बोललास कसा? तो म्हणाला, "काम करायचं तर बोलावं लागतं, भाऊ."

माझ्याविषयी तू जे हिरूला सांगितलंस, त्यातलं अक्षर खोटं नाही. त्याने तेव्हा साक्ष दिली असती तर मी खरंच त्याला कामावरून काढला असता. तू मला बरोबर ओळखलं होतंस.

बारा तारखेला मी पेशींविषयी बोलणार नाही. डबा घेऊन जाणार आहे. हिरूमामाही येतो म्हणालेत. मी त्यांना नेणार होतो, पण ते म्हणाले, आमचे आमी येऊ.

मला तुझ्याकडून काही नको. उत्तरही नको. फक्त त्या दिवशी ये. तारीख चुकवू नकोस.

गजा


दहिवली
१२ सप्टेंबर २०२५, संध्याकाळ

मकसूद,

आज कोर्टात जे झालं ते तू ऐकलंस, तुझ्यासमोरच झालं, म्हणून पुन्हा लिहीत नाही. सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवलं. ठीक आहे, कागदावर तो शब्द राहू दे. जज्जसाहेबांनी डबा हातात घेऊन विचारलं, सहा वर्षं का दिला नाही? मी म्हणालो, लोक म्हणायचे गजाची नजर चुकत नाही, मला ते ऐकायला आवडायचं. साहेबांनी मला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं, टंकायला. दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यापेक्षा जड गेलं. तुझ्या वकिलांनी हिरूमामांनाही बोलावण्याचा अर्ज दिलाय म्हणे. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. माझ्यावर जी काय कारवाई व्हायची ती होईल. घरी आलो तर समीक्षाने पाणी आणून दिलं आणि समोर बसली. बोलली नाही, पण बसली.

हे पत्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे. ती तुला माहीत आहे, पण मला माहीत आहे हे तुला कळायला हवं.

सकाळी मी दहालाच पोचलो. हिरूमामांना पायऱ्या चढवेनात, ते धोंडूबाईबरोबर खाली झाडाशी बसले. मी वर व्हरांड्यात गेलो. बाक भरलेलं होतं. एका टोकाला एक म्हातारा बसला होता, पांढरी दाढी, जाड चष्मा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी उभा राहिलेला पाहून तो सरकला, मला जागा दिली. मी बसलो. पिशवी मांडीवर ठेवताना डबा घसरून खाली पडला, झाकण लांब गेलं. म्हाताऱ्याने वाकून ते उचललं, डब्यावर नीट बसवलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी त्याला म्हणालो, "उपकार झाले, काका."

काका म्हणालो, मकसूद. तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

मग पाऊण तास मी त्या व्हरांड्यात येणाऱ्या प्रत्येक माणसात तुला शोधत होतो. काळी मिशी, रुंद खांदे, मान जरा मागे टाकून चालणारा. जिन्यावर पाय वाजला की मान वळवायचो. दोनदा तर वाटलं आलास, आणि अर्धवट उठलो. बाहेर स्वच्छ ऊन होतं, अकरा वाजायला आलेले, व्हरांड्यात लख्ख उजेड. शेजाऱ्याचा हात माझ्या हातापासून वीतभरावर होता. त्या हाताने तीस वर्षं माझे गणपती उचलले, एकाचा कान दुखावला नाही.

मग शिपायाने पुकारा केला, "मकसूद इब्राहिम." आणि माझ्या शेजारचा म्हातारा उठला.

साठ पावलांवरून, उतरत्या उजेडात, मी तुझ्या गाडीची पाठ ओळखली होती म्हणे. आणि आज भर उन्हात शेजारी बसून तुझं तोंड मला ओळखता आलं नाही. तुझी दाढी कधी पांढरी झाली, चष्मा कधी लागला, मला माहीत असायचं काही कारणच मी ठेवलं नव्हतं. मला ठाऊक होता तो मकसूद मी सहा वर्षं जपून ठेवला आणि आज त्यालाच शोधत बसलो.

साक्ष देताना तुझ्या वकिलांनी विचारलं, आरोपीला ओळखता का? सगळ्यांना वाटलं मी रडू आवरायला थांबलो. मी उत्तर शोधत होतो. शेवटी "ओळखतो" म्हणालो. आजच्या साक्षीत तेवढं एकच खोटं आहे, आणि ते दुरुस्त करायला दुसरी जागा नाही म्हणून इथे लिहितोय.

तू मात्र मला पायरीवरच ओळखलं असशील. पिशवीत काय आहे तेही तुला माहीत होतं. तरी सरकून बसलास.

गजा